लघवीची नळी आणि सोय कोणाची

सकाळी वॉर्डमध्ये हँडओव्हर होतो, नाईटची सिस्टर मॉर्निंगच्या सिस्टरला एकेक बेड सांगत जाते. बेड ७, पुरुष, ८१ वर्षं, न्यूमोनिया, ऑक्सिजन २ लिटर, सलाईन चालू, फोलीज आहे, बॅग रिकामी केली ६०० निघाली, पुढे बेड ८. 'फोलीज आहे', म्हणजे लघवीची नळी आहे, या दोन शब्दांत विषय संपतो. कधी घातली, कशासाठी घातली, अजून का आहे, हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. मी २३ वर्षं नर्सिंग करतेय, आधी सरकारीत आणि नंतर खाजगीत, आणि त्यातली निदान पंधरा वर्षं मीही असाच हँडओव्हर दिलाय आणि घेतलाय. मला म्हणायचंय ते एवढंच की म्हाताऱ्या पेशंटला घातलेली लघवीची नळी किती दिवस ठेवायची हे फक्त राऊंडला येणाऱ्या डॉक्टरच्या आठवणीवर सोडून चालणार नाही, ती काढायचा अधिकार नीट नियम ठरवून नर्सला दिला पाहिजे, आणि तो वापरता येईल इतक्या नर्सेस वॉर्डात पाहिजेत. दुसरी गोष्ट नसेल तर पहिलीचा काही उपयोग नाही, हे आधीच सांगून ठेवते.

ज्यांनी ही नळी जवळून बघितली नाही त्यांच्यासाठी थोडं. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या फ्रेडरिक फोली नावाच्या युरॉलॉजिस्टने ही फुग्याची नळी आणली म्हणून आपण सगळे तिला फोलीज म्हणतो. नळी लघवीच्या मार्गातून मूत्राशयापर्यंत जाते आणि आत टोकाशी एक छोटा फुगा असतो, त्यात साधारण १० मिली स्टराईल पाणी भरलं की नळी बाहेर निसटत नाही. १६ नंबरची नळी म्हणजे पाच मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त जाड. दुसऱ्या टोकाला दोन लिटरची पिशवी. वस्तू साधी आणि स्वस्त, आणि ज्याला खरंच गरज आहे त्याला अक्षरशः देवासारखी. प्रोस्टेट वाढून लघवी तुंबलेला म्हातारा माणूस कॅज्युअल्टीत तडफडत येतो आणि नळी घातल्यावर पाच मिनिटांत त्याचा चेहरा बदलतो, हे ज्याने बघितलंय तो कॅथेटरला, म्हणजे या नळीला, कधी वाईट म्हणणार नाही. आयसीयूतल्या सिरियस पेशंटची दर तासाची लघवी मोजायची असते, मोठी ऑपरेशन असतात, कमरेचं किंवा मणक्याचं हाड मोडल्यामुळे हलवताच येत नाही अशी माणसं असतात, पाठीला खोल जखम आहे आणि ती सारखी लघवीने भिजतेय अशी असतात, शेवटच्या दिवसांत वेदना नको म्हणून घातलेली नळी असते. ही सगळी खरी कारणं. माझं भांडण नळीशी नाही, कारण संपल्यावर राहिलेल्या नळीशी आहे.

माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ८१ वर्षांचे असताना न्यूमोनियाने ॲडमिट झाले. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, तसं सांगून काही होणारही नाही कारण हे कुठेही होऊ शकलं असतं, मी काम केलेल्या ठिकाणीसुद्धा. कॅज्युअल्टीत दम खूप लागलेला, लघवी वाढवणारं लॅसिक्सचं इंजेक्शन दिलं, लघवी किती होतेय ते मोजायचं म्हणून नळी घातली. बरोबर होतं, मीही तेच केलं असतं. तिसऱ्या दिवशी ऑक्सिजन निघाला, अण्णा उशीला टेकून बसून चहा-बिस्किट खायला लागले, पेपर मागायला लागले. नळी तशीच. चौथ्या रात्री ते बडबडायला लागले, मला लघवीला जायचंय, मला उठवा, दार कुठंय. आतला फुगा मूत्राशयाच्या तोंडाशी टेकलेला असतो, त्यामुळे मूत्राशय रिकामं असलं तरी सारखी लघवी आल्यासारखी वाटते, आणि त्यांना प्रत्येक जण सांगत होता, आजोबा नळी आहे हो, तशीच होऊ द्या. ज्या माणसाने आयुष्यात कधी अंथरुणात लघवी केली नाही त्याला 'तशीच होऊ द्या' म्हणजे काय ते कळेचना. ते उठायला लागले, म्हणून हात गॉजच्या पट्टीने कॉटच्या रेलिंगला बांधले. पहाटे एक पट्टी सुटली आणि त्यांनी फुग्यासकट नळी ओढून काढली. मग रक्त, मग युरॉलॉजिस्टचा कॉल, मग जाड नळी घालून धुणं, मग ताप, वरची अँटिबायोटिक. आठवड्यात घरी जाणारा माणूस १७ दिवस राहिला, आणि घरी आला तेव्हा पायातली ताकद इतकी गेली होती की अंगणातल्या तुळशीपर्यंत जायला दीड महिना लागला.

या सगळ्यात मी कुठे होते? तिथेच होते, त्यांच्या उशाशी, नातेवाईक म्हणून. तिसऱ्या दिवशी माझ्या मनात आलं होतं की आता नळी काढायला हरकत नाही. पण मी बोलले नाही. एक तर दुसऱ्याच्या हॉस्पिटलात जाऊन सिस्टरला शिकवायला नको असं वाटलं, आणि दुसरं जे खरं कारण आहे ते म्हणजे नळी होती म्हणून मला रात्री झोप मिळत होती. नळी काढली असती तर रात्रीतून चार वेळा उठून युरिनलचा पॉट धरायचा, सुनेने सासऱ्यांना, त्यांना लाज मला लाज, आणि नवरा दिवसभर कामावर. म्हणून गप्प बसले. ही सोय फक्त वॉर्डाची नसते, घरच्यांचीही असते हे मला तेव्हा कळलं. कित्येक नातेवाईक स्वतःच म्हणतात, सिस्टर राहू द्या ना नळी, कशाला त्रास देताय. त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं की त्रास कशाने होतो.

तर ते सांगते. नळी आत असली की रोजच्या रोज साधारण ३ ते ७ टक्के शक्यता वाढत जाते की लघवीत जंतू घर करतील, आणि महिनाभर नळी राहिली तर जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू असतातच. नळीच्या आतबाहेर जंतूंचा चिकट थर बसतो, तिथपर्यंत अँटिबायोटिक नीट पोचत नाही, म्हणून नळी तशीच ठेवून नुसती औषधं मारत राहिलं की ताप उतरतो आणि परत येतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या आकड्यांप्रमाणे हॉस्पिटलमध्ये लागणाऱ्या लघवीच्या इन्फेक्शनपैकी ७५ टक्क्यांच्या आसपास नळीशी जोडलेली असतात. पण मला इन्फेक्शनपेक्षाही जास्त बोलायचंय ते डोक्याच्या गोंधळाबद्दल, कारण त्याकडे कोणाचं लक्षच नसतं. १९९६ साली शेरॉन इनौये या अमेरिकन डॉक्टरांनी ७० च्या वरच्या पेशंटवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, हॉस्पिटलमध्ये आल्यावर म्हाताऱ्या माणसाला अचानक भ्रम का होतो याची पाच कारणं त्यात पुढे आली. बांधून ठेवणं, कुपोषण, एकदम तीनपेक्षा जास्त नवीन औषधं सुरू होणं, उपचारातून घडलेला एखादा अपघात, आणि पाचवं लघवीची नळी. अण्णांचं जेवण सोडून सगळं त्यात आलं बघा. आणि आपल्याकडे याला काय म्हणतात, वयोमानाप्रमाणे चाललंय, म्हातारचळ लागलाय, आयसीयूत राहून डोक्यावर परिणाम झाला. नातेवाईकही मान डोलावतात. मी स्वतः किती जणांना असं सांगितलंय ते मोजायची हिंमत होत नाही.

शिवाय नळी म्हणजे बेडीच. पिशवी कॉटला लटकलेली, म्हणून माणूस कॉटला. तो उठत नाही, म्हणून पाय बारीक होतात, कंबरेखाली लाल होतं, छाती भरते, पोट साफ होत नाही, आणि मग इतके दिवस झोपून असल्यामुळे उठवायला भीती वाटते म्हणून नळी ठेवायची. हा फेरा एकदा सुरू झाला की तोडायला फार जड जातं.

आता नळीची काळजी. पुस्तकात हे सगळं आहे, जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, पहिल्या वर्षापासून आम्ही ते पाठ म्हणतो. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली पाहिजे पण जमिनीला टेकता कामा नये. नळी आणि पिशवीचा जोड उघडायचा नाही, कारण ती बंद सिस्टिम आहे, एकदा उघडली की जंतूंना रस्ता मिळाला. मांडीला नीट पट्टी लावून बांधायची म्हणजे कूस बदलताना ओढ बसत नाही. रोज साबण-पाण्याने धुवायचं, बायकांना पुढून मागे, त्याला कुठलं महागडं अँटिसेप्टिक लागत नाही. पुरुष पेशंटची पुढची कातडी मागे घेऊन धुतली की परत पुढे आणायची, हे विसरलं तर ती सुजून अडकते आणि मोठा प्रॉब्लेम होतो, मी दोनदा बघितलंय. पिशवी रिकामी करताना प्रत्येक पेशंटचं भांडं वेगळं आणि दोन पेशंटच्या मध्ये हात धुवायचे, ग्लोव्हज बदलायचे. नळीला पिळ किंवा घडी नको. हार्ट किंवा किडनीचं बंधन नसेल तर पाणी भरपूर.

आणि प्रत्यक्षात काय होतं? पिशवी रिकामी करायला एक मावशी येतात, एकच बादली किंवा मोठा मग घेऊन कॉटमागून कॉट करत जातात, तेच ग्लोव्हज, कारण ग्लोव्हज मोजून मिळतात. एक्स-रेला न्यायचं असलं की मामा स्ट्रेचरवर पेशंटला घेतात आणि पिशवी पेशंटच्या पोटावर ठेवून देतात, सगळी शिळी लघवी उलटी आत जाते, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता लिफ्टपाशी स्ट्रेचर दिसलं की माझी नजर आधी पिशवीवर जाते. मामा-मावशींना मी दोष देत नाही, त्यांना कोणी बसवून शिकवलेलं नाही, बहुतेक जण कंत्राटावर असतात, सहा महिन्यांत एजन्सी बदलते की माणसं बदलतात. अंग पुसणं, खालचं धुणं हे काम तर नातेवाइकांकडे किंवा ब्युरोच्या बाईकडे कधी गेलं ते आम्हालाही कळलं नाही. ते नर्सिंगचं काम आहे, नर्सिंगचा पायाच तो आहे, पण ते आमच्या हातून निसटलं आणि आम्ही इंजेक्शन, फाईल आणि कॉम्प्युटर यात अडकलो. पेशंटला धुताना तुम्हाला दिसतं की कातडी कुठे लाल झालीय, नळीच्या कडेने गळतंय का, मांडीवर व्रण पडलाय का, आजोबा आज जास्त गुंगीत आहेत का. फाईलमध्ये यातलं काही दिसत नाही.

एक बाजूची गोष्ट पण सांगितलीच पाहिजे. पिशवीतली लघवी गढूळ दिसली, वास आला की नातेवाईक घाबरतात, मग कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू शोधायची तपासणी, पाठवलं जातं, नळी जुनी असेल तर त्यात काहीतरी उगवतंच, आणि मग ताप नाही, पोटात दुखत नाही, काही नाही, तरी अँटिबायोटिक चालू. नुसता वास किंवा गढूळपणा म्हणजे इन्फेक्शन नव्हे. अशा वेळी औषधाआधी नळीकडे बघायला पाहिजे, पण आपण रिपोर्टकडे बघतो.

म्हाताऱ्या बायकांचं आणखी वेगळं. जनरल वॉर्डात पडदा असेलच असं नाही, बेडपॅन मागायचा म्हणजे चारचौघांत मागायचा, आणि मागितला तरी मावशी येईपर्यंत वीस मिनिटं. म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. दिवसभर तोंड कोरडं ठेवून बसतात, विचारलं तर म्हणतात तहान नाही गं बाई. मग लघवी कमी झाली म्हणून आपण नळी घालतो! काही आज्यांनी तर स्वतः माझ्याकडे नळी मागितलीय, कारण त्यापेक्षा लाज कमी वाटते. त्यांचं चुकतं असं मला म्हणता येत नाही. जिथे संडासाचा बोळ ओला असतो, धरायला दांडी नसते, कॉट इतकी उंच असते की पाय जमिनीला टेकत नाहीत, तिथे ७५ वर्षांच्या बाईला चालत जा म्हणणं हाही अन्यायच. एक कमोडची खुर्ची कॉटशेजारी ठेवली, दोन स्टँडचा एक पडदा ओढला तर निम्मा प्रश्न सुटतो. पुरुषांना पॉट देता येतो, नाहीतर कंडोम कॅथेटर आहे, तो बाहेरून लावतात, आत काही जात नाही. लघवी तुंबत नसेल आणि फक्त कळत नाही म्हणून ओलं होत असेल तर तो चांगला पर्याय आहे, पण आपल्याकडे तो नीट लावायला आणि रोज काढून कातडी बघायला वेळ लागतो म्हणून फोलीज.

मग डॉक्टर काय करतात, ऑर्डर तर त्यांची असते ना. २००० साली अमेरिकेत डॉ. संजय सेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, चार हॉस्पिटल्समधल्या डॉक्टरांना विचारलं की तुमच्या पेशंटपैकी कोणाला नळी आहे. २८ टक्के वेळा डॉक्टरला माहितीच नव्हतं, आणि सगळ्यात सीनियर डॉक्टरांमध्ये हे प्रमाण ३८ टक्के होतं. ज्यांना काही कारण नसताना नळी होती त्यांच्या बाबतीत तर ४१ टक्के. म्हणजे जी काढायला हवी तीच सगळ्यात जास्त विसरली जाते. मी हे डॉक्टरांवर राग म्हणून सांगत नाही. राऊंड पंधरा मिनिटांचा, पेशंटच्या अंगावर चादर, पिशवी पलीकडच्या बाजूला, दिसणार कशी? पण सिस्टरला माहिती असतं, दर शिफ्टला ती पिशवी मोजते. ज्याला माहिती आहे त्याला अधिकार नाही आणि ज्याला अधिकार आहे त्याला माहिती नाही, हे दोन हात जोडायला काय हरकत आहे?

त्याची पद्धत काही मला सुचलेली नाही, ती बाहेर करून बघितलेली आहे. डॉक्टरांनी आधीच कारणांची यादी ठरवून सही करून द्यायची, ही कारणं असतील तर नळी ठेवा, रोज सकाळी सिस्टरने बघायचं, यातलं कुठलंच कारण उरलं नसेल तर नवीन ऑर्डरची वाट न बघता नळी काढायची आणि नोंद करायची. युरॉलॉजीचे पेशंट, ऑपरेशनच्या जागेमुळे घातलेली नळी, कठीण जाऊन घातलेली नळी, यांना हात लावायचा नाही, ते डॉक्टरच ठरवतील. अमेरिकेतल्या ६०३ हॉस्पिटल्समध्ये रोजच्या तपासणीची अशी मोहीम चालवली गेली, २०१६ साली तिचे निकाल आले, आयसीयू सोडून बाकीच्या वॉर्डांत नळीची इन्फेक्शन्स ३२ टक्क्यांनी कमी झाली. आयसीयूत फरक पडला नाही, हेही सांगितलं पाहिजे. जिथे गरज खरी असते तिथे नळी राहतेच. माझा सगळा मुद्दा साध्या वॉर्डाबद्दलच आहे, जिथे माणूस बरा होत असतो.

आता यावर मला काय ऐकवलं जातं ते. पहिलं, नळी काढली आणि लघवी तुंबली तर जबाबदार कोण? प्रश्न रास्त आहे, म्हाताऱ्या पुरुषांत हे होतंच. पण त्याचं उत्तर नळी ठेवणं नाही, बघत राहणं आहे. सकाळी काढली की सहा तासांत लघवी झाली का, किती झाली हे मोजायचं, नाही झाली तर पोट हाताने बघायचं, स्कॅनर असेल तर स्कॅनरने, आणि गरज पडली तर साध्या नळीने एकदा रिकामं करून काढून टाकायचं. सकाळी काढायची ती यासाठीच, रात्री काढून कोणाच्या भरवशावर सोडायचं? आणि काढायच्या आधी दोन दिवस चिमटा लावून सोडायचा, ब्लॅडर ट्रेनिंग म्हणून, हा आमच्याकडचा जुना रिवाज, त्याची गरज नाही असं सीडीसीच्या २००९ च्या गाईडलाईनमध्ये स्पष्ट लिहिलंय. चिमटा लावून विसरलेली सिस्टर आणि फुगलेलं पोट मी बघितलंय.

दुसरं ऐकवतात ते म्हणजे आजच्या पोरींना एवढं कळतं का. हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं. ज्या मुलीवर तुम्ही रात्री अख्खा वॉर्ड सोडून घरी जाता, इन्सुलिन आणि रक्त पातळ करणारं हेपॅरिन तिच्या हाताने देता, तिला फुग्यातलं १० मिली पाणी काढायचा निर्णय घेता येणार नाही? कळत नसेल तर शिकवा, महिनाभर सोबत उभं राहून शिकवा, मी शिकवायला तयार आहे.

तिसरं मात्र मला निरुत्तर करतं, आणि मी तेच आधी सांगून ठेवलं होतं. नळी काढली की माणसाला दिवसातून सहा-सात वेळा उठवावं लागतं, ते करणार कोण? इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष टीचिंग हॉस्पिटलला तीन पेशंटमागे एक नर्स आणि साध्या हॉस्पिटलला पाचामागे एक असा आहे. मी सरकारीत होते तेव्हा रात्री चाळीसच्या वॉर्डात आम्ही दोघी असायचो, कधी एकटी. खाजगीत छोट्या हॉस्पिटलांत तर सिस्टरच्या नावाखाली कोण कोण कामाला असतं हे सगळ्यांना माहिती आहे. चांगल्या मुली टिकत नाहीत, आखातात जातात, जर्मन शिकतात. टिकणार कशा? सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नेमलेल्या केंद्राच्या समितीने २०१६ साली सांगितलं की २०० खाटांच्या वर खाजगी हॉस्पिटल असेल तर सरकारी नर्सइतका पगार द्या आणि ५० खाटांपेक्षा लहान असलं तरी महिना २०,००० च्या खाली नको. त्याला किती वर्षं झाली, आणि आजही माझ्याकडे इंटरव्ह्यूला येणाऱ्या मुली आधीच्या ठिकाणी किती घेत होत्या ते सांगताना मान खाली घालतात. २०२२ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या सरकारी नर्सेस भरती आऊटसोर्स करायच्या विरोधात संपावर गेल्या तेव्हा टीव्हीवर पेशंटचे हाल दाखवले गेले. हाल झाले, खरं आहे. पण संप नसतानाही रात्री तीन वाजता नळी ओढणाऱ्या म्हाताऱ्याजवळ कोणी नसतं, तेव्हा कॅमेरा नसतो.

पैशाची एक बाजू आहे जी कोणी बोलत नाही. बिलात कॅथेटर येतो, युरोबॅग येते, घालायचा चार्ज येतो, इन्फेक्शन झालं की अँटिबायोटिक आणि वाढलेले दिवस येतात. सिस्टरने आजोबांना चार वेळा धरून संडासाला नेलं याची ओळ बिलात कुठेच नसते. ज्याची ओळ नाही ते काम हळूहळू बंद पडतं. अमेरिकेत २००८ च्या ऑक्टोबरपासून मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने हॉस्पिटलमध्ये लागलेल्या नळीच्या इन्फेक्शनचा जादा खर्च द्यायचा बंद केला. आपल्याकडे तसंच करा असं काही डॉक्टर मित्र म्हणतात, मला ते पटत नाही, कारण आपल्याकडे दंड बसवला की इन्फेक्शन कमी होण्याआधी त्याची नोंद कमी होईल. त्यापेक्षा मला साधी गोष्ट पाहिजे. डिस्चार्ज कार्डवर दोन तारखा आणि एक ओळ छापा, नळी कधी घातली, कधी काढली, कशासाठी ठेवली. महात्मा फुले योजनेच्या क्लेमसोबत इतकी कागदपत्रं जातात, त्यात ही एक ओळ सक्तीची करा. नळीसकट घरी पाठवत असाल तर बदलायची तारीख आणि काढायला कुठे यायचं तेही लिहा, कारण साधी लॅटेक्सची नळी दोन-चार आठवड्यांत बदलावी लागते आणि मी असे आजोबा बघितलेत की जे तीच नळी घेऊन तीन महिन्यांनी आले, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. एनएबीएचवाली, म्हणजे दर्जाचं मानांकन घेतलेली, हॉस्पिटलं नळीच्या इन्फेक्शनचा रेट काढतात, चांगलं आहे, पण तो रेट कॉन्फरन्स रूममध्ये असतो, नातेवाइकाच्या हातात डिस्चार्ज कार्ड असतं.

तुमच्या घरचं कोणी ॲडमिट असेल तर हे छापून येईपर्यंत थांबू नका. मी थांबले होते. सकाळी विचारा, सिस्टर आज नळी कशासाठी आहे. भांडायच्या सुरात नको, तिच्या डोक्यावर आधीच पंधरा पेशंट असतात, पण विचारा. तिने कारण सांगितलं तर ऐका, आणि नळी काढतो म्हणाली तर नाही म्हणू नका, रात्री पॉट धरायची तयारी ठेवा, घरात पाळ्या लावा, मुलग्यांनी पण लावा, हे काम सुनेचंच आहे असं कुठे लिहिलेलं नाही.

माझ्या आताच्या वॉर्डात आम्ही गेल्या वर्षीपासून टीपीआर शीटच्या, म्हणजे ताप-नाडी-श्वास लिहायच्या कागदाच्या, खाली पेनने तीन रकाने आखतो, नळी, कितवा दिवस, कशासाठी. परवानगीला चार महिने गेले, शेवटी एका फिजिशियन सरांनी त्यांच्या पेशंटपुरती यादीवर सही करून दिली. पहिल्या आठवड्यात तिसरा रकाना निम्म्या पेशंटना रिकामा राहिला, सिस्टर पेन घेऊन उभ्या राहायच्या आणि काय लिहायचं ते सुचायचं नाही, मग त्या स्वतःच म्हणायच्या, मॅडम काढू का. सकाळच्या शिफ्टला आता हे बऱ्यापैकी बसलंय. बेड १२ च्या एका आजोबांची नळी मागच्या महिन्यात तिसऱ्या दिवशी निघाली, दुपारी पॉटमध्ये २५० झाली, संध्याकाळी ते नातवाचा हात धरून पॅसेजमध्ये चालत होते. रात्री मात्र दोघी सिस्टर आणि ३८ पेशंट असतात, आणि रात्री घातलेल्या नळीसमोर तो तिसरा रकाना अजून बहुतेक वेळा कोराच असतो.